पाच घरांची मर्यादा

गाणगापूरला जाऊन आलेल्या गोवेकराला माधुकरी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करायचे, निर्गुण पादुकांचे दर्शन घ्यायचे आणि मग झोळी घेऊन पाच घरी भिक्षा मागायची. एरवी म्हापशाच्या बाजारात गाडीतून खाली न उतरणारे आमचे शेठही तिथे झोळी पसरतात! माध्यान्ही दत्तगुरू कोणत्या तरी रूपात स्वतः भिक्षेला येतात, ही तिथली श्रद्धा. म्हणून मागणाऱ्याला कोणी हटकत नाही. पण पाच घरे झाली की मागणे संपते. आजचा माझा सगळा वाद या 'संपते'पाशी आहे.

कारण आता मोबाइलवर जे मागणे चालते ते संपतच नाही. अन्नदान, गोशाळा, अनाथाश्रम, कोणाचे तरी ऑपरेशन. सकाळी फेसबुकवर, दुपारी व्हॉट्सॲपवर, रात्री इन्स्टाग्रामवर. नळ्या लावलेले एक मूल, रडणारी आई आणि खाली क्यूआर कोड. देणगी द्यायला जावे तर काही ठिकाणी 'टिप'चा आकडा आधीच भरून ठेवलेला! तो कमी करायचा तर आपणच शोधून बदलायचा. भारतीय जाहिरात मानक परिषदेला 2023 मध्ये दानाच्या जाहिरातींसाठी नियम करावे लागले, ते उगीच नव्हे.

या मागण्याने खुद्द गाणगापूरलाही सोडले नाही. जून 2022 मध्ये कलबुर्गी जिल्ह्यात तक्रार दाखल झाली. दत्त मंदिराच्या नावाने परस्पर संकेतस्थळे उघडून काही पुजाऱ्यांनी भक्तांचे पैसे खाजगी खात्यांत घेतले, असा आरोप होता. सुमारे 20 कोटींचा आकडा तेव्हा वृत्तपत्रांत आला. मंदिर सरकारच्या मुजराई खात्याकडे, हिशेब पाहायला जिल्हाधिकारी. तरी भक्त घरबसल्या अभिषेकाचे पैसे भरत राहिले आणि ते कोणाच्या खात्यात पडतात हे कोणी विचारले नाही. खरे-खोटे न्यायालय पाहील. मला सलतो तो आपला निष्काळजीपणा. पाच रुपयांची कोथिंबीर घेताना आपण जुडी उलटीपालटी करून बघतो, आणि इथे?

कोणी म्हणेल, यंत्राला का दोष देता? नाहीच देत. 2021 च्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी याच मार्गाने पैसा उभा राहिला. आडगावातल्या लहान संस्थेला मुंबईतला दाता कोण मिळवून देणार होते? साधन उत्तमच आहे. पण झोळी घेऊन दारात उभा राहणारा निदान डोळ्यांना दिसतो. त्याला थोडी लाज असते, आपल्यालाही असते. मोबाइलवर दोघांचीही सुटका झाली. मागणारा लपला आणि देणाऱ्याने अंगठा टेकवून पुण्य पदरात पाडून घेतले.

गाणगापूरच्या उत्तरेला, बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथे मारय्या आणि लक्कम्मा हे शरण दांपत्य राहत होते. 'आय्दक्की' हे त्यांचे बिरुद. अर्थ, वेचलेले तांदूळ. बसवण्णांच्या वाड्याच्या अंगणात सांडलेले दाणे मारय्या रोज वेचून आणी आणि त्यातूनच दासोह, म्हणजे अन्नदान, चाले. एकदा त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. आज कुठल्याही संस्थेत अशा माणसाचा सत्कार झाला असता! लक्कम्माने मात्र त्याला खडसावले आणि जास्तीचे परत टाकून यायला लावले.

संस्थांकडून मला एवढेच हवे आहे. क्यूआर कोड लावा, जरूर लावा. पण त्याच पानावर किती हवेत, किती आले आणि कुठे गेले तेही लिहा. खात्यावरचे नाव संस्थेचे असू द्या, चुलतभावाचे नको. ऑपरेशन झाले की ते पान बंद करा आणि त्या मुलाचा फोटो काढून टाका. उद्या ते मोठे होऊन शाळेत जाणार आहे. आणि जास्तीचे आले तर दात्याला विचारा, हे परत देऊ की दुसऱ्या मुलाला वापरू? वर्षाच्या शेवटी छापलेला गुळगुळीत अहवाल नको, तिथल्या तिथे हिशेब हवा.

गेल्या वर्षी आमच्या एका भजनी गटात अन्नदानाचा असाच कोड आला. खात्यावर कोणा व्यक्तीचे नाव होते. मी विचारले, "हे कोण?" उत्तर आले, "श्रद्धा असेल तर द्या, शंका असेल तर राहू द्या." मी पुन्हा विचारले. दुसऱ्या दिवशी मला गटातून काढून टाकलेले होते. कोड अजून फिरतो आहे. परवाच दुसऱ्या एका गटातून माझ्याकडे आला.