आकाराची मालकी आणि परीक्षकाची जबाबदारी

एखाद्या वस्तूच्या आकारावर कोणाची मालकी असू शकते काय, हा प्रश्न वरवर पाहता कायदेपंडितांच्या परिसंवादात शोभावा असा आहे. प्रत्यक्षात तो वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, नवघर, गोखिवरे, सातिवली आणि वालीव येथील औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत अधिक तीव्रतेने उभा राहतो. मुंबईतील जागेचे भाव परवडेनासे झाले तेव्हा अनेक लहान कारखानदारांनी वसईची वाट धरली आणि त्यातून ही उद्योगनगरी वाढली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण लहान कारखान्याचे भांडवल तेच राहिले. मोजकी यंत्रे, मोजके कामगार, दुसऱ्याच्या ऑर्डरवर चालणारे जॉबवर्क आणि एखाद्या मुरलेल्या कारागिराच्या हातातले कसब.

या कसबातून साच्यात, झाकणात, मुठीत, कडीकोयंड्यात नित्य लहानसहान सुधारणा होत असतात. त्या कोणाच्या मानायच्या? आणि ज्याच्या हाती सरकारी नोंदणीचा कागद आहे, तो इतरांना कोठवर रोखू शकतो? याचा पहिला निवाडा न्यायालयात होत नाही; तो पेटंट कार्यालयातील परीक्षकाच्या टेबलावर होतो. आपल्याकडे पेटंटांच्या संख्येविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यामागच्या परीक्षणाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलतो.

हे परीक्षण किती नाजूक असते हे समजण्यासाठी एक दूरचे, पण बोलके उदाहरण घेता येईल. गोल्फ हा वसईच्या वाडीतला खेळ नव्हे. त्या खेळाच्या काठीचा जो धातूचा माथा चेंडूवर आदळतो, त्याच्या आकारावरून मात्र जगात पेटंटांचे मोठे राजकारण झाले आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अभियंता असलेले कार्स्टन सोलहाइम यांनी चेंडू अलगद ढकलण्याच्या काठीच्या माथ्याचे वजन मध्यभागातून काढून दोन्ही टोकांकडे नेले. त्यामुळे चेंडू नेमका मध्यावर न लागता जरा बाजूला लागला, तरी माथा हातात कमी वळू लागला. ‘अ‍ॅन्सर’ या नावाची ही काठी १९६६ साली आली. १९६७ मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. पुढे तोच आकार गोल्फच्या जगात सर्वाधिक अनुकरण झालेल्या आकारांपैकी एक ठरला.

आता परीक्षकाची अडचण पाहा. हा आकार सुंदर म्हणून नवा, की उपयुक्त म्हणून नवा? वजन टोकांकडे नेल्याने माथा स्थिर राहतो, हा निसर्गनियम आहे आणि त्यावर कोणाची मालकी असू शकत नाही. त्या नियमाचा विशिष्ट उपयोग करणारी रचना हा शोध होऊ शकतो. त्या रचनेचे डोळ्यांना दिसणारे रूप ही आणखी तिसरीच गोष्ट. शिवाय खेळाच्या नियामक संस्थांनी २००४ पासून मोठ्या माथ्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरपर्यंत मर्यादित केले आहे. नियमांनी आणि भौतिकशास्त्राने आकार आधीच बांधून टाकला, की निरनिराळ्या कारखान्यांचे माथे एकमेकांसारखे दिसू लागतात. मग या गर्दीत खरोखर नवे काय आणि नुसते वेगळे काय, हे ठरविण्यासाठी परीक्षकापाशी जुन्या नमुन्यांचा साठा, वेळ आणि जाण ही तिन्ही असावी लागतात. वसईत तयार होणाऱ्या डब्याच्या झाकणाची किंवा नळाच्या मुठीची गोष्ट याहून वेगळी नाही.

भारतीय कायद्याने या दोन गोष्टींसाठी दोन दारे ठेवली आहेत. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला. त्याखाली नव्या, सहज न सुचणाऱ्या आणि उद्योगात वापरता येणाऱ्या शोधाला आता २० वर्षांचे संरक्षण मिळते. ठाऊक असलेली, आपापले काम स्वतंत्रपणे करणारी साधने केवळ शेजारी-शेजारी मांडली, तर तो शोध नव्हे, असेही हा कायदा सांगतो. दुसरे दार २००० च्या डिझाइन कायद्याचे. ते वस्तूच्या दिसण्यापुरते आहे. जी गोष्ट तत्त्वतः केवळ यांत्रिक युक्ती आहे, तिला तेथे प्रवेश नाही. या नोंदणीची मुदत १० वर्षांची असून ती आणखी ५ वर्षे वाढविता येते. कागदावर ही विभागणी स्वच्छ आहे. व्यवहारात ती परीक्षकाच्या विवेकावर अवलंबून असते.

तो विवेक चुकला तर काय होते, याचा धडा भांड्यांच्या धंद्याने देशाला दिला. लेथवर भांडी चढवून घासताना ती धरून ठेवण्याच्या एका युक्तीला १९५१ च्या तारखेचे पेटंट मिळाले होते. त्यावरून उत्तर प्रदेशातील दोन भांडी-उत्पादकांत झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, ही कार्यशाळेतील नेहमीची सुधारणा होय. तीत पेटंटास पात्र असा शोध नाही. निर्णय योग्यच होता. पण त्या काळी पेटंटची मुदत १६ वर्षांची असे. म्हणजे पेटंट मुळात देण्याजोगे नव्हते, हे ठरेपर्यंत त्याची मुदत संपूनही दशक उलटले होते. लहान कारखानदाराच्या दृष्टीने अशा विजयाला ‘वरातीमागून घोडे’ यापलीकडे अर्थ नाही.

या बाबतीत कायदा स्वतः प्रामाणिक आहे. परीक्षण झाले म्हणून पेटंटच्या वैधतेची हमी मिळते असे समजू नये, असे १९७० च्या कायद्याचे १३ वे कलम स्पष्ट सांगते. परंतु हे कलम गाळ्यातल्या माणसाला कोण सांगणार? त्याच्या हाती वकिलाची नोटीस पडते, तीवर नोंदणीचा क्रमांक असतो आणि सरकारी शिक्का पाहूनच तो हबकतो. साचा बाजूला ठेवतो, ऑर्डर सोडतो. दुबळ्या परीक्षणातून बाहेर पडलेला कागद न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीच आपले काम करून जातो.

पेटंटच्या बाबतीत निदान एक पहारा आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर आणि पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही पुराव्यानिशी हरकत घेऊ शकतो. डिझाइनच्या बाबतीत ती सोय नाही. डिझाइन जगाला दिसते ते नोंदणी झाल्यावर. त्यानंतर ते रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. म्हणजे नोंदणीपूर्वी दारावर परीक्षक हा एकटाच पहारेकरी. हे परीक्षण कोलकात्यातील कार्यालयात होते. वसईचा कारखानदार मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात अर्ज देऊ शकेल, घरबसल्या संगणकावरूनही देऊ शकेल. पण त्याच्या धंद्यातली कोणती वस्तू बाजारात कधीपासून आहे, हे परीक्षकाला कळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा होत नाही. पुढे खटला झाला आणि नोंदणीच मुळात चुकीची आहे असा बचाव केला, तर प्रकरण जिल्हा पातळीवरून उच्च न्यायालयात जाते. प्लॅस्टिकच्या डब्यांच्या आणि झाकणांच्या डिझाइनवरून झालेल्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये हेच अधोरेखित केले. मोठ्या कंपनीस हा प्रवास परवडतो. चार यंत्रांच्या मालकास तो परवडेलच असे नाही.

यावर असे म्हटले जाईल की, परीक्षण कडक केल्यास विलंब वाढेल आणि उद्योजकाचा उत्साह मावळेल. विलंबाची तक्रार खोटी नाही. एके काळी अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत. ती स्थिती पालटण्यासाठी झालेले प्रयत्न स्वागतार्हच आहेत. २०२३-२४ या वर्षात देशात एक लाखाहून अधिक पेटंटे दिली गेली आणि त्याचा गौरवाने उल्लेख झाला. पण पेटंट कार्यालय म्हणजे कारखाना नव्हे आणि पेटंट हा त्याचा माल नव्हे. प्रत्येक पेटंट म्हणजे इतर सर्वांच्या स्वातंत्र्यावर २० वर्षांसाठी घातलेली मर्यादा. तेव्हा किती दिली यापेक्षा किती पारखून दिली, हा खरा निकष होय.

दुसरी सूचना वारंवार पुढे येते ती ‘लघु-पेटंट’ची. जर्मनीत १८९१ पासून तशी तरतूद आहे. चीननेही ती स्वीकारली. केंद्र सरकारने २०११ मध्ये या विषयावर चर्चापत्र काढले होते. कार्यशाळेतील छोट्या सुधारणेला अल्पमुदतीचे संरक्षण द्यावे, ही कल्पना आकर्षक आहे. परंतु या पद्धतीत नोंदणीपूर्वी सखोल परीक्षण सहसा होत नाही, हेच तिचे मर्म आणि हाच तिचा दोष. न तपासलेले हजारो कागद बाजारात आले, तर त्यांचा पहिला मार याच लहान गाळ्यांवर बसेल. मोठी कंपनी कागद उभे करू शकते आणि मोडूही शकते. लहान माणूस त्यांच्यात सापडतो. ज्याला वकील परवडत नाही, त्याचा वकील परीक्षकच असतो. त्यालाच रजा देणे हा उपाय असू शकत नाही.

अर्थात लहान उद्योजकांनीही डोळे मिटून चालणार नाही. वस्तू आधी विकावयाची आणि नावारूपाला आली की नोंदणीचा विचार करावयाचा, ही सवय घातक आहे. विक्रीने वा प्रसिद्धीने नावीन्य एकदा संपले की डिझाइनची वैध नोंदणी मिळत नाही. आपले रेखाचित्र आहे, तेव्हा त्याचे कॉपीराइट तरी आपलेच, हा भ्रमही सोडला पाहिजे. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदविले नाही आणि ती वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक वेळा तयार झाली, की ते कॉपीराइट संपते. प्रेसवर ५० नगांना किती वेळ लागतो, हे वालीवमध्ये कोणाला सांगावयास नको. वास्तविक लहान उद्योगांसाठी पेटंट अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आणि डिझाइनचे १,००० रुपये इतके उतरविले आहे. अडसर शुल्काचा उरलेला नाही. तो माहितीचा आणि भाषेचा आहे. पेटंटची कागदपत्रे हिंदी वा इंग्रजीतच द्यावी लागतात. मराठी कारागिराची युक्ती मराठीत कोठेच नोंदली जात नाही.

घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते बागायतदार एकत्र आले म्हणून. वसईच्या कारखानदारांनीही तसे एकत्र येण्यास काय हरकत आहे? पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी प्रसिद्ध होते. उद्योजकांच्या संघटनांनी जिल्हा उद्योग केंद्राच्या आणि परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या साहाय्याने ते नियमित वाचावे, आपल्या धंद्याशी संबंधित अर्ज वेचावेत आणि जेथे जुनीच वस्तू नवी म्हणून पुढे केली असेल तेथे मुदतीत हरकत घ्यावी. तारीखवार रेखाचित्रे, साच्यांची बिले, जुनी किंमतपत्रके ही रद्दी नव्हे. तो पुरावा आहे. शासनाने आपल्या परीने परीक्षकांची संख्या वाढवावी, त्यांना प्रत्यक्ष कारखान्यांचा परिचय करून द्यावा, डिझाइनच्या नोंदणीपूर्वीही हरकतीची संधी ठेवावी आणि रद्द करण्याच्या अर्जांचा निकाल ठराविक काळात लावावा.

नवी वस्तू घडविणाऱ्याला तिचे फळ मिळालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु जे सर्वांचे आहे ते एकट्याच्या नावावर चढू नये, हाही त्याच न्यायाचा भाग आहे. माथा गोल्फच्या काठीचा असो की झाकण वसईच्या डब्याचे, ते नवे की जुने हे प्रथम परीक्षक ठरवितो. त्याची नजर तीक्ष्ण ठेवणे हे उद्योगाला अडविणे नव्हे. उद्योगाचा सर्वांना खुला असलेला रस्ता त्यामुळेच मोकळा राहतो.