प्लगइनची घटक चाचणी

'शेतकर्यांना' असं लिहिलेलं तुम्ही इंटरनेटवर कितीतरी वेळा पाहिलं असेल. र चा रफार होऊन तो या च्या डोक्यावर जाऊन बसलेला. आपण लिहिणाऱ्याला हसतो, पण अनेकदा त्याने बरोबरच लिहिलेलं असतं. 'शेतकर्‍यांना' लिहायच्या एका पद्धतीत र, हलन्त आणि य यांच्यामध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. 'अदृश्य कचरा साफ करा' असं बटण असलेल्या एखाद्या प्रोग्रॅममधून मजकूर गेला की ते चिन्ह जातं आणि शेतकऱ्याचं शुद्धलेखन बिघडतं. दुसरी पद्धत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरण्याची. ती या झाडूतून वाचते. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण एकीचा शोध घेतला तर दुसरी सापडत नाही. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही या दोघींना एक करत नाही.

हा झाडू लिहिणाऱ्याने एका ओळीची चाचणी लिहिली असती तरी भागलं असतं: 'शेतकर्‍यांना' आत द्या, बाहेर जसंच्या तसं 'शेतकर्‍यांना' आलं पाहिजे.

प्रोग्रॅमर याला युनिट टेस्ट म्हणतात. आमच्या शाळेत त्याच शब्दाचं मराठी रूप वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं जातं, घटक चाचणी. दोन्हींत फरक वाटतो तितका नाही. प्रश्न ठरवायचा, अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवायचं, मग तपासायचं. बी.एड.ला संविधान तक्ता करताना आपण हेच शिकलो: कोणत्या घटकावर किती प्रश्न, सोपे किती, कठीण किती. म्हणून माझं म्हणणं असं की मराठी-उर्दू मजकुराला हात लावणाऱ्या प्रत्येक प्लगइनच्या चाचण्या ठरवताना भाषेचा शिक्षक सोबत असला पाहिजे. त्याला कोड येण्याची गरज नाही.

मी हे हवेत बोलत नाही. माझा एक जुना विद्यार्थी व्हीएस कोड या संपादकासाठी एक लहान प्लगइन लिहितो आहे. शाळांच्या नावांच्या याद्या साफ करणं, एवढंच त्याचं काम. एवढंच म्हणतो खरं, पण दाखला, आधार आणि शिष्यवृत्तीचा अर्ज यांत एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर त्या पोराच्या बापाला किती दिवसांची मजुरी बुडवून फिरावं लागतं, हे गोंदियातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. आणि आमच्या समाजात कागदावरच्या नावाची धास्ती काय असते ते वेगळं सांगायला नको.

त्याच्या चाचण्यांची फाईल मी वाचतो. त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग प्लगइनने काय करावं हा नाही, काय करू नये हा आहे. 'अन्सारी'चं 'अंसारी' करू नये. मराठीत पहिलं रूढ, हिंदीत दुसरं. व्याकरणाच्या वहीत दोघांवर चर्चा करू, पण कागदावर ती दोन वेगळी माणसं आहेत. 'फातेमा'ची 'फातिमा' करू नये. मात्र नुक्ता दिलेला 'ख़ान' एकदा ख़ हे तयार अक्षर वापरून आणि एकदा ख ला वेगळा नुक्ता जोडून टंकला असेल, तर ती दोन्ही नावं एकच मानावीत, कारण तो फरक यंत्राचा आहे, माणसाचा नाही. ही सीमारेषा कोण ठरवणार? इथे संगणकाच्या पदवीपेक्षा मोहल्ल्याची माहिती जास्त कामाची.

उर्दूकडून देवनागरीत येताना तर फसवी चाचणी लिहिणं फारच सोपं. उर्दूत ज़ाल वापरून लिहिलेला नझीर म्हणजे सावध करणारा आणि ज़ोए वापरून लिहिलेला नझीर म्हणजे तोडीस तोड. मराठीत दोघे 'नझीर'च. त्यामुळे नाव मराठीत नेऊन पुन्हा उर्दूत आणलं की मूळचंच मिळालं पाहिजे, ही चाचणी दिसायला शास्त्रशुद्ध असली तरी प्रश्नच चुकीचा आहे. योग्य अपेक्षा अशी: प्लगइनने थांबून विचारावं.

आता मांडणीचं. नाव बदलण्याचा विचार आणि संपादकाशी बोलणं हे दोन भाग वेगळ्या फाईलींत हवेत. पहिल्या भागाला संपादक उघडावाच लागत नाही. शंभर नावं क्षणात तपासून होतात. दुसऱ्यासाठी मोजक्याच चाचण्या, पण खऱ्या संपादकात, इतर प्लगइन बंद ठेवून: तात्पुरती फाईल उघडा, आज्ञा चालवा, मजकूर पाहा. त्यात एक चाचणी मी हट्टाने घालायला लावली. चाळीस नावं बदलल्यावर एकदाच 'मागे घ्या' दाबलं की चाळीसही परत आली पाहिजेत. कारकुनाची खरी भीती तीच असते. चाचणीला 'चाचणी ७' असं नाव देऊ नका. 'नुक्ता असलेलं आडनाव पुसत नाही' असं द्या, म्हणजे ती नापास झाली की काय मोडलं ते कोड न वाचता कळतं. तक्रार आली की आधी ती चाचणी म्हणून लिहायची, ती नापास होताना पाहायची, मगच दुरुस्ती.

एवढ्याशा प्लगइनला एवढं कशाला, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक गंमत. जेयूनिट हे चाचणीचं गाजलेलं साधन केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात लिहायला घेतलं. याच गामांनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये व्हीएस कोडच्या कामाचं नेतृत्व केलं. म्हणजे आपण ज्या संपादकाला प्लगइन जोडतो, त्याच्या मुळाशीच घटक चाचणीवाला माणूस बसला आहे. आणि संपादक वरचेवर अद्ययावत होत असतो; आपलं प्लगइन न बदलताही मोडू शकतं.

हल्ली चाचण्याही कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतात. घ्या, हरकत नाही. पण कोड वाचून लिहिलेली चाचणी, कोड जे करतं तेच बरोबर म्हणते. ज्याने पेपर सोडवला त्यानेच उत्तरसूची बनवावी, तसं ते आहे.

सध्या आमची यादी ळ वर अडली आहे. बालाघाट इथून जवळ, सोयरिकी तिकडच्या, त्यामुळे आईचं गाव किंवा आडनाव हिंदी कागदातून येताना ळ चा ल झालेला असतो. तो म्हणतो, प्लगइनने ळ परत बसवावा. मी म्हणतो, ओळ पिवळी करावी आणि हात लावू नये. अपेक्षित उत्तराची जागा अजून रिकामी आहे.