लाडक्या बहिणीचा नवरा कुठे आहे?

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली बायकांशी नवे नाते जोडले. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. अशा बाईला महिना १५०० रुपये आणि वर ‘लाडकी बहीण’ हे नाव. पहिले दोन हप्ते राखीपौर्णिमेच्या तोंडावर जमा झाले, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली.

पैशांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. ‘फुकटचे पैसे’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी बायकांच्या बिनपगारी घरकामाचा हिशेब मांडावा. स्वतःच्या खात्यातल्या १५०० रुपयांतून औषध, पोरीच्या वह्या, आमच्या सल्ला केंद्रापर्यंतचे एसटीचे अर्धे तिकीट निघते, हे मी पाहते. माझे भांडण आहे ‘बहीण’ या शब्दाशी.

आपल्याकडे बहिणीला काय मिळते? ओवाळणी, तीही भावाच्या मर्जीने. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला समान वाटा महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. पण हक्कसोडपत्रावर सही केली तर साडीचोळी, नाही केली तर माहेर तुटते. वाटा मागत नाही तोवरच बहीण लाडकी.

या योजनेतही तेच झाले. पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्याबरोबर ‘परित्यक्ता’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. टाकलेल्या बायकांचा प्रश्न सरकारदरबारी नेण्यासाठी आपल्या चळवळीने १९८० च्या दशकापासून परिषदा घेतल्या, मोर्चे काढले. आणि २०२५ साली ई-केवायसीची सक्ती झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे नाहीतर वडिलांचे आधार मागितले गेले. ओटीपी त्याच्या मोबाइलवर! पुढे, नवरा व वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित बायकांना मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश देण्याची मुभा मिळाली. पण टाकलेल्या बाईने कोणता कागद द्यायचा? नवरा जिवंत आहे, घटस्फोट झालेला नाही, घरात दुसरी नांदते आहे. ज्याने मारून बाहेर काढले, पोटगीचा एक रुपया दिला नाही, त्यालाच फोन करून ‘ओटीपी सांगा हो’ म्हणायचे?

उत्पन्न तपासायचे तर कुटुंब पाहावे लागते, असे उत्तर मिळते. मग ज्याच्या कमाईतला घासही तिच्या ताटात पडत नाही, त्याचे उत्पन्न तिच्या नावावर कसे मोजता? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बंधनकारक करणाऱ्या याच राज्याला, त्या आईची ओळख पटवायला मात्र पुरुष लागतो!

मैत्रिणींनो, सरकार भाऊ नाही आणि आपण त्याच्या बहिणी नाही. आपण नागरिक आहोत. यापुढे कोणत्याही योजनेत बाईची ओळख तिच्या एकटीच्या आधारवर ठरली पाहिजे. टाकलेल्या बाईचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र आणि गावातली चौकशी पुरावा म्हणून धरली पाहिजे. आपापल्या गटात बसून, कागदाअभावी कोणाचे पैसे अडले याची गाववार यादी करा आणि त्या बायकांना बरोबर घेऊन तहसील कचेरीवर जा. अर्जावर सही त्यांचीच असू द्या.