रात्रपाळीचा हिशेब

रुग्णालयांतील मनुष्यबळाचा विषय निघाला की चर्चा प्रथम डॉक्टरांच्या रिक्त पदांकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु शस्त्रक्रिया करून सर्जन घरी गेल्यानंतर रुग्णाचा श्वास जलद झाला काय, लघवीचे प्रमाण घटले काय, जखमेवरची पट्टी रक्ताने भिजली काय, हे पहाटे तीन वाजता जिला उमगायचे ती कक्षातील सिस्टरच असते, आणि तिच्या नजरेतून जे निसटले ते सकाळच्या राउंडपर्यंत सहसा दुसऱ्या कोणाच्या ध्यानात येत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या दंडकानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात ३ रुग्णांमागे १, इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका असावी, आणि रजेसाठी ३० टक्के पदे राखीव असावीत. ही रजेची तजवीज महत्त्वाची आहे. कारण तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, आजारपण आणि बाळंतपणाची रजा ध्यानात घेतली, तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास चार ते पाच जणी लागतात. आपल्या सरकारी इस्पितळांत रात्री एकदोघींच्या हवाली तीस-चाळीस रुग्ण असणे विरळा नाही.

अशा वेळी ती काय सोडते? इंजेक्शन सोडत नाही, कारण त्याची नोंद व सही चार्टवर व्हावी लागते. ज्याची सही कोठेच होत नाही तेच प्रथम मागे पडते: दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, म्हाताऱ्याला घोटभर पाणी पाजणे, भ्यालेल्या बाळंतिणीजवळ दोन मिनिटे थांबणे. युरोपातील पाहणीतही, वेळेअभावी सर्वाधिक राहून जाते ते रुग्णाशी बोलणे व त्याला धीर देणे, असेच आढळले. म्हणूनच दफ्तर निर्दोष राहते आणि पाठीवर शय्याव्रण उमटतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर परिचारिकेवरील प्रत्येक वाढीव रुग्णागणिक शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

२०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावल्याचे वृत्त आले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. या मृत्यूंना एकच कारण चिकटवणे अन्यायाचे होईल. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेऊन, रुग्णालयांवर भार आहे ही सबब शासनाला सांगता येणार नाही, असे बजावले, ते मला सर्वथा रास्त वाटते. अशा प्रसंगी संतप्त नातेवाइकांच्या तोंडी मात्र सापडते ती कामावर हजर असलेली सिस्टर, न नेमलेली नव्हे.

भरती व्हावी, कंत्राटी नेमणुकांचा शिरस्ता मोडावा, हे निर्विवाद. तोवर इंग्लंडने २०१४ पासून जे केले ते तरी आपण करावे: प्रत्येक पाळीत परिचारिका किती हव्यात आणि प्रत्यक्षात किती हजर आहेत, हे कक्षाच्या दाराशी फलकावर लिहावे, आणि त्याखाली रुग्णसंख्याही लिहावी. त्यासाठी पदमंजुरी नको, वित्त विभागाची संमती नको. अधिसेविकेच्या कार्यालयातील ड्यूटी लिस्ट दारावर आणण्यास आरोग्य खात्याचे एक परिपत्रक पुरेसे आहे.