वायफायचे डबे वाढवले, तरी नेट का अडकतं?

भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणीला मंजुरी दिली, तेव्हापासून किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो. पण पंचायत, शाळा, चौक असे तीन-चार डबे बसवले, तरी चालता-चालता व्हिडिओ कॉल तुटतो, ऑनलाइन फॉर्म मध्येच अडकतो. मग मागणी होते, आणखी एक डबा बसवा. खरं दुखणं मात्र दुसरीकडेच असतं.

मोबाईलच्या रेंजमध्ये कोणत्या टॉवरवर फोन न्यायचा, हे कंपनीचं नेटवर्क ठरवतं. वायफायमध्ये हा निर्णय फोन स्वतः घेतो. पंचायतीजवळ जोडलेला फोन शाळेत पोहोचला, तरी जुन्या डब्याची थोडी रेंज मिळते तोवर तो त्यालाच चिकटून राहतो. आयफोन साधारण उणे ७० डेसिबलच्या खाली सिग्नल गेला की दुसरा डबा शोधतो. बाकी कंपन्यांचं गणित वेगवेगळं.

याचा त्रास एकट्याला होत नाही. लांबून चिकटलेला फोन सावकाश बोलतो आणि डब्याचा वेळ खातो. पाण्याच्या पाळीत एकाने बारीक पाइप लावून बारी अडवून धरावी, तसं. मागचे सगळे ताटकळतात.

म्हणून डब्यांच्या संख्येपेक्षा मांडणी महत्त्वाची. सगळ्या डब्यांचं नाव आणि पासवर्ड एकच हवा. नावं वेगळी असली तर फोन ती वेगळी नेटवर्कं समजतो. पॉवर फुल्ल ठेवली तर फोन जुना डबा सोडतच नाही, म्हणून ती बेताची हवी. शेजारच्या डब्यांचे चॅनेलही वेगळे पाहिजेत; २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे १, ६ आणि ११ हे तीनच. लवकर बदल व्हावा म्हणून ८०२.११ के, व्ही आणि आर ही मानकं आहेत. त्यातून फोनला शेजारच्या डब्यांची यादी मिळते, पुन्हा ओळख पटवण्याचा वेळ वाचतो. पण डबा आणि फोन दोघांत ती सोय लागते. जुन्या, स्वस्त फोनांत ती बऱ्याचदा नसते. अशा वेळी वायफाय बंद करून पुन्हा चालू करणं, हाच सोपा उपाय.

ठेकेदाराचं बिल काढण्याआधी एक परीक्षा घ्यायला हरकत नाही. सरपंच, ग्रामसेवकांनी व्हिडिओ कॉल लावून पंचायतीपासून शाळेपर्यंत चालत जावं. कॉल तुटला, तर नवा डबा मागण्याआधी आहे त्यांची सेटिंग दुरुस्त करून घ्यावी.