विधी प्रवेशपरीक्षेचे गुण कोणाचे?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याच वर्षी २७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेत सुरू झाले. न्यायासाठी मराठवाड्यातील माणसाला मुंबईचे हेलपाटे घालावे लागू नयेत, ही त्यामागील मागणी होती. २०१७ साली त्याच शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राष्ट्रीय विधी विद्यापीठही आले. जालन्याहून ते साठेक किलोमीटरांवर आहे. परंतु मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील मजुराच्या मुलीला ते मुंबईइतकेच दूर राहिले आहे. कारण वाटेत ‘क्लॅट’ ही प्रवेशपरीक्षा उभी आहे.

या परीक्षेत १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सर्वसाधारण तर्क आणि गणित असे पाच विभाग आहेत आणि ते सारे इंग्रजीतूनच आहेत. राज्याच्या विधी सीईटीत मराठीची सोय आहे, येथे नाही. वास्तविक महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी ठरली आहे. अंबड वा भोकरदनच्या न्यायालयात ज्या भाषेत कैफियत मांडायची, तिला कायदा शिकण्याच्या दारातच मज्जाव असावा, हा अजब न्याय होय. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, हे खरे. पण ती भाषा पाच वर्षांच्या शिक्षणक्रमात शिकवता येते. ती आधीच येत असली पाहिजे, हा आग्रह कशासाठी?

परीक्षेची वेळही पाहावी. ती अलीकडे डिसेंबरात होते. ऊसतोडीचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. आईबाप फडावर आणि धाकटी भावंडे घरी, अशा स्थितीत थोरल्या मुलीने सराव कधी करावा? २०२५ च्या प्रवेशासाठी खुल्या वर्गाला चार हजार व अनुसूचित जाती-जमातींना साडेतीन हजार रुपये शुल्क होते. शिकवणीचा खर्च वेगळाच. मग निकाल लागतो आणि त्याला गुणवत्ता असे नाव मिळते.

तथापि एवढे म्हणून स्वस्थ बसणे हा पळपुटेपणा ठरेल. सरावाने गुण वाढतात, हे शहरातील पालकांना पक्के ठाऊक आहे. त्यातील विद्या अवघड नाही. शंभर उत्तरांपैकी साठ बरोबर आल्यास चाळीस चुकांचे दहा गुण जाऊन पन्नास उरतात. तीच साठ बरोबर उत्तरे ऐंशीच प्रश्न सोडवून आली, तर पंचावन्न मिळतात. चारांपैकी दोन पर्याय निश्चित खोडता आले, तर उत्तर देणे फायद्याचे. डोळे मिटून ठोकण्यात जवळजवळ काहीच हाती लागत नाही. प्रत्येक सराव परीक्षेनंतर चुकांची वही ठेवावी: शब्द अडला, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही? शब्द अडत असतील, तर रोज इंग्रजी वृत्तपत्राचा एक अग्रलेख वाचणे हाच उपाय. नुसत्या प्रश्नपत्रिका सोडवून तो दोष जात नाही. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका उपलब्ध असतात. हवी असते ती दिवसाकाठी दोन तासांची शांतता, दिवा आणि चूक दाखवणारा सोबती.

हे पुरवणे कार्यकर्त्यांच्या आवाक्यात आहे. तालुक्याच्या वाचनालयात अकरावीपासूनचा अभ्यासवर्ग चालवावा. गावातील वकिलाने आठवड्यातून एक सायंकाळ द्यावी. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ ही संस्था सुरू करून वंचित घरांतील मुलांना याच परीक्षेसाठी तयार करण्याचा मार्ग दाखवलाच आहे. त्याबरोबरच मराठीतून परीक्षा आणि मजुरांच्या मुलांना शुल्कमाफी, या मागण्यांचा पाठपुरावा थांबता कामा नये. वर्ग चालवणे हा मागणी सोडण्याचा बहाणा होऊ नये.

समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला. जमिनीचा मोबदला, मुकादमाची उचल, बुडालेली मजुरी यांचे खटले येथे उभे राहतच असतात. त्यांतील पक्षकार ज्या घरांतून येतात, त्या घरांतून वकील आणि न्यायाधीश केव्हा येणार, या प्रश्नाचा एक धागा त्या चुकांच्या वहीपर्यंत पोहोचतो.