फेरारी की लॅम्बोर्गिनी? आधी इर्शाळवाडीला गाडी न्या!

लॅम्बोर्गिनी घेऊ का फेरारी घेऊ? या प्रश्नानं झोप उडालेले लोक या देशात आहेत. त्यांना झोप लागावी म्हणून रात्रंदिवस राबणारे पत्रकार आणि व्हिडिओवाले त्याहून जास्त आहेत. दोन गाड्या समोरासमोर उभ्या करायच्या, बॉनेटवर हात फिरवायचा, तक्ता मांडायचा. हिची ताकद एवढी, तिची एवढी. हिचा आवाज वाघासारखा, तिचा सिंहासारखा. आणि दोस्ता, हे सगळं रात्री बाराला दहा बाय दहाच्या खोलीत पांघरुणात मोबाइल धरून बघणारा तू आहेस. गिऱ्हाईक एक, बघे लाख. ज्याला घ्यायची असते तो तक्ता बघत बसत नाही, शोरूमवाला त्याच्या घरी येतो. तक्ता तुझ्यासाठी आहे. तू मनातल्या मनात एक बाजू घ्यावीस, मित्राशी भांडावंस, आणि या भांडणात आपण कुठंच नाही हे विसरावंस, एवढ्यासाठी.

मग होऊन जाऊ दे. त्यांच्याच आकड्यांनी मांडू.

लॅम्बोर्गिनी तेमेरारियो 2025 च्या एप्रिलमध्ये भारतात आली, किंमत 6 कोटी. ताकद 920 अश्वशक्ती, शून्यापासून शंभरचा वेग 2.7 सेकंदांत, कमाल वेग ताशी 343 किलोमीटर. समोर फेरारी 296 जीटीबी. ती 2022 मध्ये आली तेव्हा 5 कोटी 40 लाख. ताकद 830, शंभरला 2.9 सेकंद, वेग 330 च्या वर. दोन्हींचे भाव शोरूमच्या दारातले. विमा, नंबर, बाकीचे लाड वेगळे.

म्हणजे फरक 60 लाखांचा आणि एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचा. डोळ्याची पापणी लवते ना, तेवढा. त्या पापणीवर पानंच्या पानं लिहिली जातात.

आता हे 343 पळवणार कुठं? मुंबईहून निघालेल्या असल्या गाड्यांचे जथे येतात आपल्याकडंच, एक्स्प्रेसवेवर. रविवारी सकाळी खालापूरच्या टोलनाक्यावर उभं राहा, पिवळ्या-नारिंगी बेडकांची रांग दिसेल. या रस्त्यावर सपाटीला वेगाची मर्यादा 100 आहे, घाटात त्याहून कमी. 2024 पासून कॅमेरेही बसलेत. म्हणजे कायदा पाळायचा तर 343 पैकी 243 किलोमीटर वेग नुसता बाळगायचा, तिजोरीतल्या दागिन्यासारखा. आणि मोडायचा तर मरणार कोण?

पुण्यात 19 मे 2024 ला, कल्याणीनगरात, पोर्शेनं मोटरसायकलवरच्या दोघा तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघंही गेले. आरोपी 17 वर्षांचा. पहिल्या दिवशी जामीन देताना अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध होता. देशभर बोंब झाली तेव्हा आदेश बदलला. एक गोष्ट मात्र बोंबेत बुडून गेली. त्या कोट्यवधींच्या गाडीची नोंदणीच झालेली नव्हती, आणि भरायची राहिलेली फी होती 1,758 रुपये. कुठल्या तक्त्यात टाकता हा आकडा?

एक्स्प्रेसवे खालापूर तालुक्याच्या छातीवरून जातो. शेतं गेली ती इथल्या माणसांची. पण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षेला बंदी, बैलगाडीला बंदी, पायी माणसाला बंदी. ज्याच्या बापाच्या भातखाचरावर डांबर पडलं त्याचा पोरगा स्प्लेंडर घेऊन त्या डांबरावर चढला तर गुन्हा. तो जुन्या हायवेनं खड्डे चुकवत जाणार, नाहीतर मिनीडोरमध्ये कोंबून घेणार. दिवाळी झाली की कातकऱ्याचं बिऱ्हाड वीटभट्टीवर निघतं, टेम्पोच्या हौद्यात, भांडी, कोंबड्या, पोरं एकत्र. त्या गाडीचं परीक्षण कुणी लिहिलंय? शून्यापासून शंभरला किती सेकंद?

त्याच एक्स्प्रेसवेवरून जाताना चौकच्या अंगाला इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या पोटाशी इर्शाळवाडी होती. ठाकरांची वाडी. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर खाली आला. 27 प्रेतं सापडली, 57 माणसं सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला. का? वाडीला रस्ता नव्हता. खाली रस्त्यावर यंत्रं उभी होती, वर जाऊ शकत नव्हती. एनडीआरएफचे जवान पावसात चिखल तुडवत चढले आणि फावड्या-टिकावांनी माती उपसत राहिले. मंत्री आले, कॅमेरे आले, सगळ्यांना पहिल्यांदा कळलं की मुंबईच्या इतक्या जवळ चाक न पोचलेलं गाव असतं. वाडीतल्यांना ते पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं. दुखणाईत बाई झोळीत घालून उतरवावी लागत होती तेव्हापासून.

सरकारनं मेलेल्यामागं 5 लाखांची मदत जाहीर केली. करा हिशेब. 27 आणि 57 मिळून 84. पाच लाखांच्या दरानं 4 कोटी 20 लाख. अख्खी वाडी गाडली गेली तरी एका फेरारीची किंमत होत नाही, वर सव्वा कोटीच्या आसपास उरतात. आणि दोन गाड्यांमधला तो पापणीएवढा फरक, साठ लाख, म्हणजे बारा माणसं.

कुणी म्हणेल, ज्याचे पैसे त्याचे, तुम्हाला का जळतं? तर त्या पैशाचंही बघू. महाराष्ट्रात पेट्रोलवरच्या गाडीला एकदाच मोटार वाहन कर भरावा लागतो. दहा लाखांपर्यंत 11 टक्के, वीसपर्यंत 12, त्यापुढं 13. वाचताना वाटतं, वा, श्रीमंताला जास्त! पण वर झाकण आहे. कर कितीही होवो, 20 लाखांच्या वर घ्यायचा नाही. 2025 च्या अर्थसंकल्पात ते झाकण 30 लाखांवर नेलं, आणि तेवढ्यावरही कुरकुर झाली. आठ लाखांची गाडी कर्ज काढून घेणारा पोरगा 88 हजार भरतो, 11 टक्के. सहा कोटीवाला 30 लाख भरतो, म्हणजे 5 टक्के. 13 टक्क्यांनी धरलं तरी त्याचे 78 लाख होतात. 48 लाख सरकारनं त्याला सोडले. आमच्या स्कॉलरशिपला 'फुकटात' म्हणणाऱ्यांनी या 48 लाखांना काय म्हणायचं ते ठरवून सांगावं.

आणि साधेपणाची प्रवचनं आम्हाला कुणी देऊ नयेत. चरखा आणि बैलगाडीचं कौतुक ज्यांनी बैल होऊन ओढलं नाही त्यांनी केलं. बाबासाहेब यंत्राच्या बाजूनं उभे राहिले. माणूस जनावरासारखं राबण्यातून सुटायचा तर यंत्र पाहिजे, हे त्यांनी 1945 च्या त्यांच्या पुस्तकात गांधींविरुद्ध ठणकावून मांडलं. 1929 साली चाळीसगावात महाराला टांग्यात बसवून नेणार नाही म्हणून टांगेवाले अडून बसले. मग टांगा न येणाऱ्याच्या हाती लगाम दिले, आणि बाबासाहेब पुलावर फेकले जाऊन जखमी झाले. गाडी कोण हाकतो, कोण बसतो, कोण खाली चालतो, यात जात असते हे आम्हाला तेव्हापासून माहीत आहे. म्हणून तुला गाडी हवीशी वाटली तर वाटू दे. इंजिन बनवणाऱ्या कामगाराच्या हाताला आपला सलामच आहे.

पण कर्जत तालुक्यातच माथेरान आहे, तेही बघ. मोटारींना बंदी. फेरारी असो नाहीतर टमटम, दस्तुरी नाक्यावर थांबायचं. तिथून साहेब हातरिक्षेत बसतो. एक माणूस पुढून ओढतो, मागून दोघं ढकलतात, चढाला छाती फुटेस्तोवर. 2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं, ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या असं सांगितलं. परवानाधारक ओढणारे सगळे मिळून शंभरही नाहीत. तरी पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं कोर्टाला मुद्दाम लिहावं लागलं. झाकणाखाली 48 लाख सोडणारं सरकार हेच.

त्या तुलनावाल्यांना आमचं बोलावणं आहे. दोन्ही गाड्या घेऊन चौकला या. रस्ता संपतो तिथं उभ्या करा आणि पायी वर चढा. मग लिहा कुठली पुढं गेली ते.

आपल्या पोरांना काम आहे. कर्जत-खालापुरातल्या चाक न पोचणाऱ्या वाड्या पायी फिरून मोजायच्या, नावानिशी यादी करायची. दुसऱ्या बाजूनं आरटीओकडं माहिती अधिकारात अर्ज टाकायचा : कराच्या झाकणाला टेकलेल्या गाड्या किती, आणि झाकण नसतं तर किती रक्कम आली असती. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.